शब्दचर्चा: शिवणातली 'माया' प्रबंधात चालेल का?

उलटी टीप
पुण्यात फॅशन डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय: पेठांमधले ऑल्टरेशनवाले शिंपी. पाच-सहा दुकानांत बाकड्यावर बसून टिपणं काढली, त्यात एक शब्द सारखा येतो, माया. म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. "थांबा ताई, माया आहे का बघतो," म्हणत काका आधी ब्लाउज उलटा करतात, टेप नंतर.

मराठी सारांशात मी 'सीम अलाउन्स'साठी 'माया' लिहिलं. मॅडमनी लाल रेघ मारली. "बोलीतला शब्द आहे, वाचणाऱ्याला अभंग वाटेल. शिलाई-सूट लिही." तर प्रश्न दोन. हा शब्द पुण्यापुरताच आहे का? आणि मी लिहितेय त्याला प्रबंधच म्हणायचं ना?

पेठेतला आगाऊ
दुसऱ्याचं आधी, ते सोपं आहे. पीएच.डी.चा तो प्रबंध, नियतकालिकात छापून येतो तो शोधनिबंध आणि एम.फिल.वाले लिहायचे तो लघुप्रबंध. एम.फिल. यूजीसीनं 2022 च्या नियमांत बंदच केली, तेव्हा शब्द रिकामा पडलाय, घेऊन टाका. 'प्रबंधिका'ही वाचलंय, पण मला तो कुणा बाईंचा हुद्दा वाटतो. हिंदीत प्रबंधक म्हणजे मॅनेजर, त्याचा परिणाम असेल.

आता 'शिलाई-सूट'. दिवाळीत लक्ष्मी रोडवर तशी पाटी लावून बघा. अर्धे लोक स्वस्तात शिवून मिळेल म्हणून येतील, उरलेले सूट शिवायला.

काजबटण
माझ्या वडिलांचं शिवणाचं दुकान होतं, म्हणून जरा लांबवते. माया हा बोलीतला नाही, धंद्यातला शब्द आहे. त्याची क्रियापदंसुद्धा ठरलेली. बेतताना माया धरायची, शिवताना सोडायची, दुरुस्तीला आलं की काढायची. धरायची राहिली तर कापड गेलं, कात्री चालल्यावर माया आणणार कुठून? ब्लाउजला दोन्ही बगलांत चांगली इंचभर ठेवायची. गळ्याला आणि मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात त्या वळणाला, मात्र अगदी थोडी, कारण वळणावर जास्त झाली की आत गोळा होते आणि बाहेरून चुण्या दिसतात. तिथे बारीक काप द्यावे लागतात. खालची दुमड ही माया नव्हे, ती दुमडच.

'सूट'ला यातलं एकही क्रियापद लागत नाही. सूट देतात. शिंपी कापडाला कसली सूट देणार?

रेडीमेड शर्टाला आतून जेमतेम सेंटिमीटरभर कापड असतं, तेही ओव्हरलॉक केलेलं, म्हणजे कड मशीनवर दोऱ्यानं गुंफलेली. उसवून हाती काही लागत नाही. वडील असा शर्ट उलटा करून बघायचे आणि "ह्याला माया नाही" एवढंच म्हणून परत द्यायचे. गिऱ्हाइकाचा चेहरा उतरायचा.

नऊवार
पुण्यापुरता नक्कीच नाही. मी नाशिकची, सासूबाई कोकणातल्या, दोघींच्या तोंडी हाच शब्द. अर्थाचा गोंधळ होईल म्हणाल, तर वर्तमानपत्रं 'कोट्यवधींची माया जमवली' असं बिनदिक्कत छापतात. तिथे कुणाला अभंग आठवत नाही. पुढे-मागे ब्लाउज असला की वाचणाऱ्याला कळतं. मला तर पैशाची माया आणि कापडाची माया जवळच्या वाटतात. दोन्ही आत दडवून ठेवायच्या आणि अडल्यावर काढायच्या. ही आपली माझी अटकळ, व्युत्पत्ती नव्हे.

पेठेतला आगाऊ
अटकळ झकास आहे. प्रबंधात घालू नका.

वर काजबटणताईंनी जाता जाता 'बेतणे' वापरलंय, ते मात्र घालाच. शिंपी कापड बेततो, चित्रपट सत्यघटनेवर बेतलेला असतो, प्रकरण जिवावर बेततं, रविवारी पुरणपोळीचा बेत असतो आणि परिस्थिती बेताची असते. हिंदीतल्या 'कतर-ब्योंत'मधलं ब्योंत याच घरातलं दिसतं. एवढा राबता शब्द हाताशी असताना 'पॅटर्न कटिंग'ला तुम्ही काय लिहिलंय? 'नमुना-कर्तन' असेल तर आधी ते खोडा.

उलटी टीप
नमुना-कर्तनच होतं. खोडलं. 'बेतणी' केलंय.

काल आजीचा एक जुना ब्लाउज बगलेत उसवला. बाहेरून धुऊन धुऊन राखाडी झालाय. आत सुईच्या भोकांच्या तीन ओळी, एकीच्या बाहेर दुसरी, दुसरीच्या बाहेर तिसरी. म्हणजे दोनदा माया काढलेली. कडेला अजून अर्धा इंच शिल्लक आहे आणि ती पट्टी गडद वांगी रंगाची. ब्लाउज वांगी होता हे घरात कुणाला आठवतही नव्हतं. सोमवारी मॅडमकडे सारांश नेणार नाही, ब्लाउजच नेणार आहे.

काजबटणताई, मुंढ्याला बारीक काप देतात म्हणालात, त्यांना दुकानात काही नाव होतं का?

काजबटण
नाव कसलं, "काप दे गं" एवढंच. आणि पट्टीचा फोटो उन्हात काढ, ट्यूबलाइटमध्ये वांगी रंग काळा येतो.