मदत हवी आहे : जीसीके जनुकातला बदल आणि गरोदरपण

नमस्कार मंडळी,

माझ्या ताईची उपाशीपोटी साखर गेली सात-आठ वर्षं ११५ ते १२५ च्या आसपास आहे. गोळ्या घेतल्या, बंद केल्या, आकडा तिथेच. शेवटी जनुक तपासणी केली. सातव्या गुणसूत्रावरच्या जीसीके जनुकाच्या दोन प्रतींपैकी एका प्रतीत बदल निघाला.

मला समजलं ते असं: या जनुकापासून ग्लुकोकायनेज हे विकर (एन्झाइम) बनतं. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी त्याच्यामुळेच रक्तातली साखर ओळखतात. एक प्रत कमजोर असली की इन्सुलिन सुटतं, पण जरा वरच्या पातळीला. म्हणून साखर थोडी चढी, पण स्थिर राहते. गुंतागुंत सहसा होत नाही, औषधही बहुधा लागत नाही. हे वाचून इतकं हायसं वाटलं!

पण ताईला आता पाचवा महिना आहे. बाळात हा बदल येण्याची शक्यता ५० टक्के. आला असेल, तर बाळाला आईची साखर नेहमीचीच वाटते आणि आईला इन्सुलिन दिल्यास बाळाची वाढ कमी होऊ शकते. नसेल आला, तर तेच बाळ आईच्या चढ्या साखरेमुळे जास्त इन्सुलिन तयार करून वजनाने मोठं होतं. म्हणजे उपचार बाळावर ठरणार, आणि बाळाचं जनुक आपल्याला ठाऊक नाही.

कुणी यातून गेलं आहे का? सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर बघून इन्सुलिनचं ठरवलं का? किती आठवड्यांनी स्कॅन केले? कुणी डॉक्टर असतील तर तिच्या डॉक्टरांना नेमकं काय विचारावं, तेही सांगा. पुढची भेट याच आठवड्यात आहे.