लिफ्टिंग मॅग्नेटची कॉइल पुन्हा गेली, मेगर मात्र ओके

क्रेन_मेंटेनन्स (जालना):
भट्टीच्या स्क्रॅप यार्डात २२० व्होल्ट डीसीचा गोल मॅग्नेट आहे, थंड असताना करंट ६० अँपिअर. रिवाइंड करून आणलेली कॉइल पुन्हा शॉर्ट झाली. बॉडीशी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) चांगला येतो. उघडून पाहिलं तर लीडजवळचेच (बाहेरची वायर जोडतात तिथले) वेढे काळे, आतले नव्यासारखे. सप्लाय २२०च्या वर जात नाही, मग इन्सुलेशन फुटतं कशानं? मॅग्नेट चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्टही जळतायत.

वाइंडर_काका (चिंचवड):
कॉइल मरते ती माल सोडताना. एवढ्या मॅग्नेटचा इंडक्टन्स (करंट बदलायला कॉइल करते तो विरोध) अंदाजे ७ हेन्री धरा. ६० अँपिअरला १२,६०० ज्यूल साठतात, म्हणजे एक टन वजन सव्वा मीटर उचलण्याइतकी ताकद. कॉन्टॅक्ट उघडला, वाट मिळाली नाही, की कॉइल स्वतःच हजारो व्होल्ट तयार करून आर्क (विजेची ठिणगी) ओढते. तो आर्क विझतो, पुन्हा पेटतो, आणि दर वेळी एक खडा सर्ज, म्हणजे व्होल्टेजचा झटका, कॉइलमध्ये शिरतो. असा सर्ज सगळ्या वेढ्यांत सारखा वाटला जात नाही. वेढ्यांमधल्या आणि बॉडीशी असलेल्या कपॅसिटन्समुळे (चार्ज साठवण्याच्या गुणामुळे) लीडकडच्या पहिल्या वेढ्यांवरच मोठा वाटा पडतो. तुमचे काळे वेढे नेमके तिथलेच. मेगरला वेढ्यावेढ्यांतला शॉर्ट दिसत नाही, त्याला सर्ज टेस्टरच लागतो.
पॅनेलमध्ये कॉइलला आडवा, बंद करताना करंटला फिरायला वाट देणारा डायोड आहे का?

क्रेन_मेंटेनन्स:
होता काका. माल सुटायला वेळ लागतो म्हणून आधीच्या माणसानं काढून टाकला.

वाइंडर_काका:
तिथंच घात झाला. ऑपरेटरची तक्रारही खरी आहे: नुसता डायोड असेल तर करंट कॉइलच्या ३.७ ओहममधूनच जिरतो, टाइम कॉन्स्टंट (करंट साधारण एक तृतीयांशावर यायचा वेळ) दोन सेकंदांच्या आसपास. डायोडच्या सिरीजमध्ये १० ओहमचा डिस्चार्ज रेझिस्टन्स घाला, तो अर्ध्या सेकंदावर येईल. कॉइलवर सुरुवातीला ६० गुणिले १० म्हणजे ६०० व्होल्ट, त्यापुढे नाही. आणखी झटपट हवं म्हणून २० ओहम घालाल तर १२०० होतील, तो मोह नको. उघड्या कॉन्टॅक्टवर सप्लाय धरून ८२० येतात, तेव्हा कॉन्टॅक्टरचं डीसी रेटिंग बघून घ्या. रेझिस्टन्स दर सोडणीला नऊ हजार ज्यूल पितो. ग्रिड टाइप घ्या, हवेशीर बसवा.

फाउंड्री_इलेक्ट्रिकल (कोल्हापूर):
एक भर घालतो. केबल रीलवर तुटली किंवा कुणी चालू मॅग्नेटचा प्लग ओढला, तर पॅनेलमधला रेझिस्टन्स कॉइलपासून सुटलेलाच असतो. म्हणून मॅग्नेटच्या टर्मिनल बॉक्समध्येच मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर (व्होल्टेज वाढलं की करंटला वाट देणारा भाग) हवा, ६०० व्होल्टच्या वर काम सुरू करणारा आणि सगळे १२,६०० ज्यूल झेपणारा ब्लॉक. छोटी चकती फुटून जाईल. आणि चालू मॅग्नेटचा प्लग हातानं काढू देऊ नका, माणूस भाजतो.

वाइंडर_काका:
सहमत. रिवाइंडरला लीडकडच्या वेढ्यांत जादा इन्सुलेशन द्यायला सांगा, आणि झाकण वेल्ड करण्याआधी तुमच्यासमोर सर्ज टेस्ट करून घ्या. वेल्ड झाल्यावर आत काही दिसत नाही.