उबुंटू काढल्यापासून विंडोज सुरूच होत नाही, मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० सोबत उबुंटू (लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टिम) होतं. जागा कमी पडायला लागली म्हणून काल डिस्क मॅनेजमेंटमधून उबुंटूचं पार्टिशन उडवलं. आता काळ्या स्क्रीनवर 'नो सच पार्टिशन', खाली 'ग्रब रेस्क्यू' आणि लुकलुकणारा कर्सर, बस. ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला विंडोज की उबुंटू हे विचारणाऱ्या प्रोग्रामच्या, फायली त्या पार्टिशनसोबतच गेल्या, हे उशिरा लक्षात आलं.

डिस्क एमबीआर आहे, म्हणजे बूटची जुनी पद्धत; नवीन यूईएफआय नाही. विंडोजचा पेनड्राइव्ह बनवून ठेवलाय. त्यातल्या कमांड प्रॉम्प्टवर बूट दुरुस्त करणारी 'बूटरेक /फिक्सएमबीआर' कमांड पुरेल, की 'फिक्सबूट'ही लागेल? सी ड्राइव्हमध्ये आईबाबांचे जुने फोटो आहेत, दुसरी कॉपी कुठेच नाही. म्हणून हात लावायची भीती वाटते. आधी लाइव्ह उबुंटूवरून (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारं) ते फोटो काढून घेऊ का? कोणी स्वतः केलं असेल तर कृपया क्रमाने सांगा.