मदत हवी आहे: हाताने घडवलेली गिटार पावसाळ्यात वाजवायला जड झाली आहे

नमस्कार. मी कोथरूडला राहतो. मार्चमध्ये मी एका कारागिराकडून हाताने घडवलेली, स्प्रूस लाकडाची वरची फळी आणि पोलादी तारा असलेली गिटार घेतली. उन्हाळाभर तिचा आवाज मोकळा होता आणि बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) सर्वांत जाड तारेची उंची अडीच मिलिमीटर भरत असे. आता श्रावणात ती साडेतीनवर गेली आहे, बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून) धरताना तर्जनी दुखते आणि आवाज ओल्या डग्ग्यासारखा दबलेला वाटतो.

ब्रिजच्या (फळीवर तारा जिथे अडकवतात त्या पट्टीच्या) मागे फळी किंचित फुगलेली दिसते. पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी तार दाबून पाहिली, तेव्हा तार आणि मधले फ्रेट यांच्यातली फट पूर्वीइतकीच बारीक होती, म्हणजे दोष नेकचा (मानेचा) नसावा असे समजून मी ट्रस रॉडला (मानेचा बाक कमी-जास्त करणाऱ्या आतल्या सळईला) हात लावलेला नाही. एका दुकानदाराने सॅडल (ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून घेण्याचा सल्ला दिला. परंतु बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर कमी करण्यासाठी सॅडल सुमारे दोन मिलिमीटर घासावी लागते, आणि हिवाळ्यात फळी सुकून खाली बसली की तारा फ्रेटला लागून खरखरतील, ही माझी धास्ती आहे. (सतारीची जवारी करणारे (तारांखालची घोडी घासून नीट करणारे) सापडतात, गिटारसाठी मात्र कोणाला विचारावे हेच कळत नाही.)

गिटार सिलिका जेलसह बंद पेटीत ठेवून आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास आणली, तर फुगवटा उतरतो का, आणि त्याला किती आठवडे लागतात? की पावसाळ्यासाठी वेगळी, कमी उंचीची सॅडल करून घेणे बरे? अनुभवी वादकांनी कृपया सांगावे.