सळईचा कोयता नको, ट्रकचा पाटा शोधा

बांधकामातून उरलेल्या १२ एमएमच्या सळईचा कोयता होईल का, असं एकानं विचारलंय. आकार येईल हो, धार टिकणार नाही. जालन्याच्या मिलमधली टीएमटी सळई पाणी मारून वरून कडक केलेली असते, आतून मऊच. भट्टीत लाल केली की तो वरचा कडकपणाही गेला. तिची सांडशी करा, बिजागरी करा, झकास होते.

धारेला ट्रकचा पाटा, म्हणजे त्याच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी. आमच्याकडं घिसाडी कुऱ्हाडीला तोच मागतात. भंगारवाल्याकडं किलोवर मिळतो. फक्त जिथं तुटलाय त्याच्या आजूबाजूचं सोडून द्या, तिथं न दिसणाऱ्या चिरा असतात. कुठलं लोखंड काय आहे कळत नसेल तर ग्राइंडरला लावा. सळईच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. जुनी कानस लावली की फुलबाजीसारख्या फुटतात. जेवढ्या जास्त फुटतील तेवढा कार्बन जास्त.

पाट्याला पाणी द्यायचं (लाल करून बुडवायचं, म्हणजे कडक होतो) म्हणजे खरं तर तेल द्यायचं! लाल पाटा मी एकदा हौदात बुडवला, टक्कन आवाज आला आणि दोन दिवसांची मेहनत आडवी चिरली. तापवताना चुंबक चिकटायचं थांबलं की कोमट तेलात बुडवा, मग हळू तापवून वाळल्या कडब्याचा रंग चढू द्या. कोयत्याला थोडा पुढं, तपकिरीवर थांबलेलं बरं.

आणि जस्ताचा मुलामा दिलेला पाइप भट्टीत घालू नका. धुरानं रात्री हुडहुडी भरून ताप येतो. गाडीच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा बंद नळा तर नकोच, फुटतो.