गावातील कलादालनाची पुढील तीन प्रदर्शने : कोणते केव्हा घ्यावे?

प्रश्न (वर्धा जिल्हा)

सविनय नमस्कार. आमच्या गावातील वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही लोकवर्गणीतून एक लहान कलादालन चालवतो. छत पत्र्याचे आहे. येत्या वर्षासाठी तीन प्रदर्शने ठरली आहेत : जुलैत तरुण कलावंतांची लिनोकट व काष्ठछाप चित्रे (लिनोलियम किंवा लाकूड कोरून कागदावर घेतलेले छाप), डिसेंबरात कापूस आणि पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) वापरून केलेले मांडणशिल्प, म्हणजे दालनाच्या जागेत वस्तू मांडून उभारलेली कलाकृती, तर जानेवारीत झाडीपट्टी रंगभूमीचे, म्हणजे पूर्व विदर्भातील गावोगावच्या नाटकांचे, रंगवलेले पडदे आणि त्यांवरून सुचलेली नवी चित्रे. मागील पावसाळ्यात एका विद्यार्थिनीच्या जलरंगातील चित्रावर काचेच्या आतून बुरशीचे राखाडी ठिपके पडले. ते चित्र तिच्या हाती परत देताना फार वाईट वाटले. हा क्रम योग्य आहे का?

उत्तर (चित्रकला शिक्षक, यवतमाळ जिल्हा)

ताई, कागदावरील कामे जुलैत लावूच नका. आपल्याकडे त्या दिवसांत भिंतही ओल धरते आणि काचेला थेट चिकटलेला कागद ती ओल शोषून घेतो. छापचित्रे जानेवारीत घ्या. काच आणि कागद यांच्यामध्ये जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) असू द्या, तसेच चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळती राहील. खिडकीतील ऊन चित्रांवर येत असेल तर मांजरपाटाचा पडदा लावा. कागदासाठी ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपासचा उजेड पुरे मानला जातो.

उत्तर (कापूस उत्पादक, हिंगणघाट परिसर)

मांडणशिल्पाची कल्पना मनापासून आवडली, परंतु कलावंतांना एक गोष्ट आवर्जून सांगा. शेतातून आणलेल्या कापसात सरकी असते आणि सरकीत, तसेच पऱ्हाटीवर राहिलेल्या वाळक्या बोंडांत, गुलाबी बोंडअळी दडून राहते. म्हणून कापसाऐवजी जिनिंगमधून सरकी काढून निघालेली रुई घ्यावी आणि पऱ्हाटीवरील एकूण एक बोंड तोडून मगच ती दालनात आणावी. रुई चटकन पेट घेते, त्यामुळे तापणारे हॅलोजन दिवे टाळून एलईडी लावावेत. डिसेंबरात वेचणी जोरात असते. दालन दिवसा उघडे ठेवले तर ज्यांच्या हातांनी तो कापूस वेचला, त्या बायाच प्रदर्शनाला मुकतील. वेळ सायंकाळी सहा ते नऊ ठेवा.

उत्तर (वडसा, गडचिरोली जिल्हा)

जानेवारीत तुम्हाला पडदे मिळणे कठीण आहे. धानाची कापणी झाली की दिवाळीपासून साधारण होळीपर्यंत आमच्याकडे नाटकांचा हंगाम असतो आणि पडदे मंडळीसोबत रोज नव्या गावी असतात. होळीनंतर मागा. वाहतुकीत त्यांच्या घड्या घालू नका, कारण घडीवर रंग तडकून सुटतो. रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळा. जुन्या पडद्यावर राजवाड्याच्या खांबाशी दोरीने घासून पुसलेली पट्टी दिसते, तिच्यावर नवा रंग चढवू देऊ नका. पडदा किती रात्री उभा राहिला, हे तिच्यावरूनच कळते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. आता मांडणशिल्प डिसेंबरात सायंकाळच्या वेळेत, छापचित्रे जानेवारीत आणि पडदे होळीनंतरच्या पंधरवड्यात, पत्रे तापायच्या आत, असे ठरवत आहोत. जुलैत दालन बंद राहील. तान्हा पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाला, मात्र गावातील घरोघरचे लाकडी बैल मांडण्याचा विचार आहे. काहींच्या घरी आजोबांच्या काळातले, एक शिंग तुटलेले बैल आहेत. ज्या विद्यार्थिनीचे चित्र खराब झाले, तिलाच त्यांची मांडणी करण्यास सांगितले असून तिने होकार दिला आहे.