मदत हवी आहे: जावयाच्या दिवाळसणाला स्कॉटिश टॅब्लेट

नमस्कार मंडळी. लेक आणि ग्लासगोचा जावई पहिल्या दिवाळसणाला ठाण्यात, नौपाड्याला आमच्याकडे येताहेत. फराळाच्या ताटात त्याच्या आवडीचं टॅब्लेट हवंच. म्हणजे साखर, लोणी, कंडेन्स्ड मिल्क आटवून, घोटून केलेली रवाळ वडी. मी त्यात वेलची-केशर घातलं. पण काल वड्या पडल्याच नाहीत, सुरी घातली की तार निघत होती! मिश्रण साधारण ११५ अंशांपर्यंत न्यायचं असतं, माझ्याकडे थर्मामीटर नाही. गोळीबंद पाकाच्या खुणेवर उतरवू का? की केशर दुधात खललं, ते नडलं? शॉर्टब्रेड मात्र छान जमलं. १ भाग साखर, २ लोणी, ३ मैदा, वर पिस्ते. थेट नानकटाईच्या वळणाचं. वसुबारसेच्या आत सांगा, प्लीज.